नकोशा माशाची पाठवणी : एक घरगुती मार्गदर्शिका

हे मार्गदर्शन सर्वांसाठी नाही. ज्यांचा मासा मेला आहे त्यांनी पुढे वाचू नये. त्यांचा प्रश्न जास्वंदीच्या कुंडीत सुटलेला आहे. ज्यांच्याकडे अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न आहे त्यांनीही वेळ घालवू नये. दुकानदार स्वतः पिशवी घेऊन त्यांच्या दारात येईल. हे लिखाण आहे ते एका विशिष्ट गृहस्थासाठी. त्याच्या दिवाणखान्यातल्या टाकीत एक धडधाकट, खाऊनपिऊन सुखी, आणखी निदान दहा वर्षं कुठेही जायचा विचार नसलेला मासा आहे, आणि तो नको झालाय हे त्याने घरात अजून मोठ्याने उच्चारलेलं नाही.

माझी या विषयातली पात्रता एवढीच, की मी एक मासा दिला. एकच; पण तो 13 इंची होता.

मासा होता सकर. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अंगभर हाडाच्या चकत्यांचं चिलखत, तोंड खालच्या बाजूला आणि वाटीसारखं, दिवसभर काचेला चिकटून. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, मुक्काम कर्वेनगर. आणला तेव्हा दोन इंचांचा होता आणि चाळीस रुपयांचा. दुकानदाराने पिशवीला रबर लावता लावता सांगितलं होतं, "काका, हा काच साफ ठेवतो. वेगळं खाणंही लागत नाही." या अटींवर काम करणारा माणूस पुण्यात शोधून सापडायचा नाही, म्हणून मी मासा लगेच घेतला. पुढची सगळी गुंतागुंत या एका वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे झाली.

दुसरी चूक मुलाने केली. त्याने माशाचं नाव ठेवलं, चिकटे. वाचकहो, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा: माशाला नाव ठेवू नये, नावं ठेवावीत. बिननावाचा मासा देता येतो. नाव असलेला मासा द्यायला निघालं, की आपण कुणाला तरी घराबाहेर काढतोय असं वाटायला लागतं.

मासा टाकीच्या मापानेच वाढतो, अशी एक समजूत सगळीकडे ऐकू येते. ती खोटी आहे. लहान जागेत तो खुरटेल, आजारी पडेल, पण टाकीची लांबी-रुंदी मोजून वाढ थांबवायची अक्कल त्याला दिलेली नाही. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे खडी-बिडी वगळता साधारण पन्नास लिटर पाणी. अडीच वर्षांत चिकटे 13 इंचांचा झाला. रुंदी 12 इंच आणि भाडेकरू 13 इंच, त्यामुळे त्याला तोंड फिरवायचं असलं की बोळात अडकलेल्या रिक्षासारखं थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे असं करावं लागे. हा कार्यक्रम तो रात्री बारानंतर करायचा. सकर निशाचर असतो. खडीवर घासल्याचा तो करकर आवाज ऐकून आई दोनदा चोर आला म्हणून उठली.

आणि काच? लहानपणी सकर शेवाळ खरवडतो हे खरं आहे. पण वय वाढलं की त्याला त्यातला रस कमी होतो. चिकटेला आमच्या दोन गोल्डफिशचे दाणे आवडू लागले, काकडीची फोड आवडू लागली, आणि मध्यरात्री त्या गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायलाही आवडू लागला. शिवाय तो मागे सोडायचा ते दोरे! एका माशातून एवढा दोरा निघू शकतो हे पाहून आई म्हणाली, मशीनवर गुंडाळला तर परकराला शिलाई मारून होईल. थोडक्यात, अडीच वर्षांनी चित्र असं होतं की रविवारी सकाळी मी जुन्या घासणीने काच साफ करत असे आणि चिकटे मला डोळा मारत असे. ही माझी कल्पना नाही. सकरला पापणी नसते, पण बुबुळावर एक छोटा पडदा असतो. उजेड वाढला की तो खाली सरकतो. शास्त्रीय कारण ठाऊक असूनही अपमान कमी होत नाही.

तर आता पहिली पायरी : घरातली मंजुरी. इथे 'देऊन टाकू' हा शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावा. 'त्याला मोठ्या घरात जागा बघू' असं म्हणावं. मी हे न शिकता प्रस्ताव मांडला आणि तो फेटाळला गेला. ज्या मुलाने वर्षभर टाकीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो "बाबा, चिकटे आपला आहे" असं म्हणून खोलीत गेला. आईने वेगळाच मुद्दा काढला. फेंगशुईत आठ सोनेरी माशांसोबत एक काळा ठेवतात, घरावरचं संकट तो काळा अंगावर घेतो, असं तिने कुठेसं ऐकलं होतं. आमच्याकडे सोनेरी दोनच होते, पण संकटाच्या बाबतीत तिला धोका पत्करायचा नव्हता. तिला सत्तरच्या दशकात लग्नानंतर पाहिलेलं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालयही आठवलं. 1951 साली सुरू झालेल्या त्या इमारतीत चिकटेला काचेमागे मानाची जागा मिळेल, बाहेर पाटी लागेल, असं तिचं म्हणणं. चिकटे दुर्मीळ नाही, उलट टाकी तिथे सकर आहे, हे तिला पटवायला मला आठवडा लागला.

शेवटी प्रश्न सुटला तो पत्नीमुळे. एक दिवस कोशिंबीर करायला फ्रिज उघडला तर काकडी नव्हती. "अहो," ती शांतपणे म्हणाली, "एक तर तो राहील, नाहीतर कोशिंबीर." मंजुरी ही अशी मिळते. प्रस्ताव मांडून मिळत नाही.

दुसरी पायरी चढायचीच नाही, पण तिच्याबद्दलच जास्त बोलायला हवं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये सल्ला दिला, "एवढा काय विचार करताय? म्हात्रे पुलाजवळ नदीत सोडा. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल." असे सल्ले देणाऱ्याची नजर जिवापेक्षा पुण्यावर जास्त असते. मुठेचं पुण्यातलं पाणी पाहून काही सज्जन कचरतात. मासा मरेल, असं त्यांना वाटतं. भीती बरोबर आहे, फक्त उलटी आहे. सकर मरत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून श्वास घेतो. पाण्याबाहेर पडला तरी तासन्‌तास तग धरतो. सांडपाणी ही त्याच्या दृष्टीने आपत्ती नाही, नुसती बदली आहे.

मुठेतून तो मुळा-मुठेत जाईल, तिथून भीमेत, भीमेतून उजनीच्या जलाशयात, आणि धरणाच्या दारातून निसटला तर थेट पंढरपूरला चंद्रभागेत. म्हणजे काकांच्या हिशोबात पुण्य खरोखरच होतं, फक्त ते वारीचं, आणि वारकरी चिकटे. वाटेत तो काय करेल? नदीच्या काठात हातभर खोल बिळं पाडून अंडी घालेल, मग काठ ढासळेल. मच्छीमाराच्या जाळ्यात शिरला तर परांच्या काट्यांनी जाळं फाडेल. आणि एवढं करून त्याला मंडईत गिऱ्हाईक नाही, कारण ते चिलखत उतरवल्यावर आत उरतं ते मांजरालाही पुरत नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात शहराच्या सांडपाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवतात. त्या तळ्यांत आज हा पाहुणा ठाण मांडून आहे. 2023 साली भोपाळच्या बड्या तलावात आणि त्याच वर्षी काश्मीरच्या दल सरोवरात सुसरीच्या तोंडाचा अ‍ॅलिगेटर गार सापडला. हा मासा उत्तर अमेरिकेचा. तिथून भोपाळपर्यंत तो पोहत आला नसणार. कुठल्या तरी दिवाणखान्यात त्याचंही काहीतरी नाव असेल.

उजनीला तर परक्या पाहुण्यांची सवयच आहे. चिलापी मूळची आफ्रिकेतली. 1952 साली तिचा पहिला वाण भारतात आणला, आणि आज भिगवणला थांबून चिलापीवर ताव मारताना ती परदेशी आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण चिलापी निदान खाता येते. म्हणून नदीत नाही, पाषाण तलावात नाही, कात्रजला नाही, आणि सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीजवळही नाही. देवाला नैवेद्य दाखवावा, जबाबदारी दाखवू नये. गप्पी मासे पाळा असं आरोग्य खातं भिंतींवर रंगवून सांगत आलंय ते डासांच्या अळ्यांसाठी. त्यावरून दिसेल त्या पाण्यात वाटेल तो मासा सोडायची परवानगी मिळत नाही.

तिसरी पायरी, म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर 'मोफत देणे आहे' असा निरोप टाकणं, मी केली होती. तीन उत्तरं आली. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं, एकाने टाकीसकट देता का विचारलं, आणि तिसऱ्याने रस्सा कसा लागतो ते. पुढे चला.

आता मुख्य भाग, दुकान. इथे बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात: आपण दान द्यायला चाललोय असं आपल्याला वाटतं, पण दुकानदाराच्या दृष्टीने आपण ओझं टाकायला आलेलो असतो. त्याचं गणित ऐका. दोन इंची सकर चाळीस रुपयांना रोज विकला जातो. एक फुटी सकर कुणी नेत नाही, कारण ज्याच्या टाकीत तो मावेल त्याच्या टाकीत त्याला ठेवायची इच्छा नसते. एवढा मासा वीस छोट्या माशांची जागा अडवतो. शिवाय बाहेरून आलेला मासा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊन आला, तर शेजारच्या टाक्या साफ होतात. म्हणून त्याला दोन आठवडे तरी वेगळं ठेवावं लागतं, आणि त्या वेगळ्या टाकीचा पंप फुकट चालत नाही.

दुकानदारांत माशांची एक उतरंडही असते. वरती अरोवाना, डिस्कस आणि फ्लॉवरहॉर्न. फ्लॉवरहॉर्न तर नव्वदच्या दशकात मलेशियात संकर करून घडवलेला मासा, पण कपाळावर टेंगूळ आलं म्हणून त्याला वास्तुशास्त्रात बढती मिळाली. मधल्या फळीत गोल्डफिश आणि एंजल. खाली गप्पी आणि मॉली, ज्यांना दर महिन्याला पिल्लं होतात आणि जे फुकटही कुणाला नको असतात. आणि तळाशी, शब्दशः तळाशी, सकर.

म्हणून पहिल्या खेपेला मासा नेऊ नये. मासा समोर असला की दुकानदाराला नाही म्हणणं सोपं जातं. आधी हात हलवत जावं, खाद्याची एखादी पुडी घ्यावी, आणि मग सहज विषय काढावा. मी असा काढला :

"दादा, मोठे मासे परत घेता का?"

"कोणताय?"

"ऑस्करच्या आकाराचा आहे."

"ऑस्कर आहे?"

"आकाराने ऑस्करएवढा."

"काका, सकर आहे ना?"

यापुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. लांबीही खरी सांगावी. मच्छीमार मासा हाताने दाखवताना लांबी वाढवतात, देणारे कमी करतात. दुकानदार दोघांनाही ओळखून असतो. मी शहाणपणा करून टाकीला शाळेची फूटपट्टी लावून फोटो काढला होता. पट्टी संपली तरी चिकटे संपत नव्हता. दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "या महिन्यातला हा चौथा." मग मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एका निळ्या पिंपात तीन काळ्या शेपट्या दिसत होत्या.

पैशांची बोलणी हा भाग छोटा आहे. करू नयेत. मी अडीच वर्षांच्या काकड्यांचा हिशोब एका कागदावर मांडून नेला होता. तो खिशातून बाहेर आला नाही. उलट, टाकीतलं चिकटेचं आवडतं लाकूड, उरलेलं खाद्य आणि एक जास्तीचा हवेचा पंप सोबत देतो, असं मी आपणहून कबूल केलं. आमच्या घरात हुंडा देण्याची वा घेण्याची ही पहिलीच वेळ. दुकानदाराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मंगळवारी आणा. रविवारी माल उतरतो, तेव्हा जागा नसते."

वाहतुकीबद्दल मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो, कारण इथे चूक झाली तर मासा जातो. नेण्याच्या आदल्या दिवशी खायला घालू नये. भरल्या पोटी तो वाटेतच पाणी खराब करतो. सकर जाळीने पकडू नये. परांचे काटे तो ताठ उभारतो आणि जाळीत असा अडकतो की जाळी कापावी लागते. प्लॅस्टिकची पिशवीही त्याच काट्यांनी फुटते. त्याला हळूच एखाद्या रुंद डब्यात शिरू द्यावं आणि तो डबा झाकणाच्या बादलीत सोडावा. बादली साबण न लागलेली, पाणी नळाचं नाही, टाकीतलंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याच्या कल्ल्यांना सोसत नाही. बादली अर्धीच भरावी, वर हवा राहू द्यावी. झाकण लावलंच पाहिजे, सकर उडी मारतो. दुकानात पोचल्यावर लगेच नव्या टाकीत ओतू नये. पंधरा-वीस मिनिटं थोडं थोडं तिथलं पाणी बादलीत घालत राहावं, म्हणजे त्याला तापमानाचा धक्का बसत नाही.

बादलीची वेगळी अडचण होती. घरात झाकणाची बादली एकच, आणि ती गुरुवारची. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुतेक गुरुवारी, हे पुणेकरांना सांगायला नको. पत्नीने ती दिली, पण अटीवर : "बुधवारपर्यंत परत पाहिजे." मंगळवारी संध्याकाळी चिकटे स्कूटरवर माझ्या दोन पायांच्या मध्ये बसून निघाला. मुलगा खाली आला नाही. गॅलरीतून मात्र बघत होता. कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावर झाकणाला आतून एक धक्का बसायचा आणि मी "हो हो" म्हणायचो. सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसाने एकदा माझ्याकडे आणि एकदा बादलीकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली.

सुपूर्द करताना भाषण करू नये. मला सांगायचं होतं की त्याला रात्री साडेनऊला काकडी लागते, आणि ती साल काढलेली नको, मी सांगितलंही. दुकानदार बादलीत हात घालून म्हणाला, "काका, तुम्ही निघा आता." तरी मी वीस मिनिटं थांबलो. एक चांगली गोष्ट झाली. पिंपात जागा नव्हती म्हणून त्याने चिकटेला दर्शनी बाजूच्या सहा फुटी टाकीत सोडलं. दिवे लागले होते. चिकटे तळाशी टेकला, थोडा वेळ तसाच बसला, आणि मग वळला. एकाच दमात, पुढे-मागे न करता. मला वाटतं तोही जरा चकित झाला असावा.

बादलीचं मला आठवलं नाही असं नाही. "राहू दे, नंतर नेतो," असं मीच म्हणालो. ही या मार्गदर्शिकेतली एकमेव गुप्त सूचना : काहीतरी मागे विसरावं. पुढचे तीन आठवडे मी बादली आणायला जात होतो आणि विसरून येत होतो. पत्नी तिन्ही गुरुवारी पातेल्यांत पाणी भरताना माझ्याकडे बघत होती आणि काही बोलत नव्हती. एकदा मुलगाही सोबत आला, दोघं टाकीसमोर उभे राहिलो, त्याने काचेवर बोट ठेवलं, मग म्हणाला, "चला, क्लास आहे."

चौथ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा दुकानात एक गृहस्थ होते, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी खालच्या टाकीसमोर उकिडवी बसली होती. त्या टाकीत दोन-दोन इंचांचे वीसेक सकर काचेला लागून होते. दुकानदार पिशवीत पाणी भरत होता. "हा काच साफ ठेवतो, साहेब," तो सांगत होता. "वेगळं खाणंही लागत नाही."

अशा वेळी मधे बोलू नये, हे मला माहीत आहे. दुकानदाराने माझं ओझं घेतलं होतं, आणि तेही फुकट. मी जरा थांबलो. मग खिशातून फोन काढला, अडीच वर्षांपूर्वीचा चिकटेचा पिशवीतला फोटो शोधला आणि त्या गृहस्थांसमोर धरला. "हा बघा," मी म्हणालो, "आणि आता तो बघा." वरच्या टाकीत चिकटे काचेला चिकटून होता. दिवा डोक्यावरच होता, त्यामुळे पडदा खाली सरकला आणि त्याने डोळा मारला. मुलगी खुदकन हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी फोटो बघितला, टाकी बघितली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

दुकानदाराने पिशवीतलं पाणी परत टाकीत ओतलं. "काका," तो म्हणाला, "तुमची बादली." आणि आत जाऊन घेऊन आला. धुतलेली, पुसलेली, झाकणासकट.